आखणी राहिलेलं रोम

—नाय साहेब, त्या पाटावर नको, रंग ओला हाय. ह्या उंदरांच्या बाजूला स्टूल घ्या, ते कालच वाळलेत. तर तुम्ही अलिबागच्या हापिसातून रोमचं विचारायला आलात — कळलं मला. पेणच्या स्टँडवर तुम्ही चंद्रावतीबाईचा गणपतीचा कारखाना विचारलात, तेव्हाच शेजारच्या कारखान्यातला पोपट धावत आला. नीट बोल गो वयनी, म्हणाला. नीट म्हणजे काय, ते त्यालाच ठाऊक. पुढच्या वर्षी फ्रान्सच्या प्रदर्शनाला कोणाला न्यायचं ते तुमच्या ह्या कागदावर ठरणार, आणि त्यानं पासपोर्ट काढून दोन वर्सं झाली — कपाटात पडून हाय बिचारा, पासपोर्ट. मलापण जायचंय साहेब, सरळ सांगते. हात थरथरत नाय तोवर जायचंय. तुम्ही लिहा, मी डोळ्यांची आखणी करत बोलते. रोह्याची गाडी परवा येतेय न् अडीचशे मूर्तींचे डोळे राहिलेत.

तर रोमातली गाडी. तिथलं मूर्तींचं प्रदर्शन संपल्यावर आम्हा पाहुण्यांना शहर दाखवायचं ठरलं. मला वाटलं एखादी बस येईल — आली काय? माझ्या आजेसासऱ्याच्या वयाची मोटार. छप्पर नाय, दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे, भोंगा रबराचा. बरोबरच्या दिल्लीच्या मॅडम म्हणाल्या, साठ वर्सांची गाडी हाय, मुद्दाम मागवलीय. मुद्दाम? आमची पेण-नागोठणे एसटी वीस वर्सांची, तिला आम्ही रोज शिव्या देतो, आणि तिथं तिप्पट भाडं भरून लोक हसत बसतात. बसले मीपण. पदर मानेला गुंडाळला, दगडी रस्त्यावर अंग घुसळून निघालं, आणि मॅडम सांगतायत — हे डावीकडचं दोन हजार वर्सांचं, हे उजवीकडचं दोन हजार वर्सांचं — आणि सगळं पडकं. एक भिंत धड नाय. मी म्हटलं, नगरपालिकेत कोणी अर्ज नाय केला का? मॅडम म्हणाल्या, हळू बोला. तिथं मराठी कोणाला कळणार होतं? तरी हळू बोलले. माझं वागणं चांगलं होतं, ते लिहा.

पण पुतळे बघितले न् माझं लक्षच उडालं. चौकात पुतळे, कारंज्यावर पुतळे, पुलावर पुतळे. काम काय केलंय — दगडाच्या कापडाला अशा घड्या की पिळून वाळत घालावं. आणि डोळे? डोळे कोरे. एकाचेही आखलेले नायत. आमच्याकडं आखणी राहिलेला गणपती गिऱ्हाईक उचलत नाय, आणि ह्यांनी सगळा माल तसाच नेऊन चौकात बसवला. मला वाटलं, आखणीवाला मध्येच गेला असेल न् त्याच्यामागं कोणी शिकलं नसेल. मॅडम म्हणाल्या, तिथली पद्धतच तशी. पद्धत कसली, अपुरं ते अपुरं. आणि माझी गत कशी झाली होती — प्रदर्शनात सहा दिवस ब्रश घेऊन बसले. लोक आले, सोंडेला हात लावून गेले, डोळे आखून दाखवा असं एकानं म्हटलं नाय. सहा दिवस हात रिकामा. एवढी तर मी बाळंतपणातपण बसले नव्हते.

मग चढावर ती मोटार तापली. ड्रायव्हर पाणी आणायला गेला, मॅडम फोन शोधायला गेल्या. बाजूला बाग, आणि बागेत खांबांवर ओळीनं नुसती मुंडकी — आपल्या कारखान्यासारखंच हो, मला बरं वाटलं. त्यातल्या एकाचं नाक तुटलेलं. आमच्या ह्यांच्यासारखा दिसत होता — जाऊन अकरा वर्सं झाली त्यांना — तसाच ओठ दाबून बसलेला, काही मागायचं असलं की बसायचे तसा. आणि बघत नव्हता. ब्रश माझ्या अंबाड्यात खोचलेलाच असतो, बघा, आतापण हाय. काळ्या रंगाची डबी पिशवीत. मी चौथऱ्यावर चढले न् — असे बघू नका साहेब. तिकडच्या पोलिसांचं पत्र आलंच असेल तुम्हाला, म्हणून तर आलात. मॅडमनी माफी मागितली, बागेच्या माणसानं ओला बोळा फिरवला, विषय मिटला तिथंच—

नाय आलं? पत्र नाय आलं? मग कशाला आलात?

नुसता फॉर्म भरायला.

बरं. मग ते खोडा. — शाईचं पेन हाय, व्हय. मग पोपटलाच पाठवा फ्रान्सला. तो पुतळ्यासमोर उभा राहील, फोटो काढील, परत येईल. त्याच्या हातून काय व्हायचं नाय, चांगलं न् वाईटपण. मी मात्र खोटं नाय सांगणार. दुसरा डोळा पुरा झाला तसा तो नाकतुटका माझ्याकडं बघायला लागला. मागं शिट्टी वाजत होती, मी नाय वळले. मग बोळा आला. दुसरा डोळा ओला होता, तो लगेच गेला. पहिल्यानं रंग धरला होता. घासला, पुन्हा घासला, नाय निघाला.

पुढं काय विचारलंय? परदेशात कलेचं प्रात्यक्षिक दाखवलं का. लिहा, होय. आणि नग किती?

एक डोळा, लिहा.

आता उठा साहेब, तुम्ही माझ्या उजेडात बसलात. ह्या सगळ्यांना परवा रोह्याला जायचंय न् अजून एकालापण रस्ता दिसत नाय.