दादाच्या सापाने तोंड उघडलं

यारो, दादाच्या सापाचं तुम्हाला सांगितलंच नाही. दादा गेला आणि त्याने पाळलेलं धामणीचं पिल्लू माझ्या गळ्यात पडलं. नव्या रंगीत टीव्हीच्या खोक्यात राहायचं. मी बेडूक टाकले, अख्ख्या बरकतपुऱ्यातल्या पाली टाकल्या, पण ते तोंडच उघडेना. म्हटलं, आता हेही जाणार.

आई म्हणाली, "दहाव्याला पिंडाला कावळा शिवत नव्हता, तेव्हा तू काय केलंस?"

"तुला सांभाळीन असं कबूल केलं. मग शिवला."

"मग यालाही काहीतरी कबूल कर."

"आई, हा साप आहे!"

"त्याचाच आहे ना? बोल."

मी खोक्यासमोर हात जोडले. "दादा, नोकरी धरीन. मारामाऱ्या नक्को, सिगारेट नक्को." पिल्लू ढिम्म. शेवटी चिडून ओरडलो, "हौ रे बाबा, तुझ्या मोटरसायकलला हातसुद्धा लावणार नाही!"

पिल्लाने झडप घालून बेडूक धरला.

दादा गेल्यापासून आई पहिल्यांदाच हसली. "बघ, मोटरसायकलीतच जीव अडकला होता मेल्याचा. झालं समाधान."

मी विचारलं, "म्हणजे आता त्याला आपल्याकडून काहीच नको?"