कापसावरची बॅचलर पार्टी

बॅचलर पार्टीचं खूळ दिग्रसकडे कोणी आणलं, हे मले इचारा. पुण्याहून आलेल्या आमच्या नितीननं. म्हणे, "नवरदेवाचं स्वातंत्र्य संपून राह्यलं, त्याले शेवटचं मजेत जगू द्या." नवरदेव म्हणजे गजू. शेती करणाऱ्या पोराले कोणी पोरगी देत नव्हतं, म्हणून बिचारा चौतिशीपर्यंत स्वातंत्र्यच भोगून राह्यलता.

नितीनले रिसॉर्ट पाह्यजे होतं. आमचं रिसॉर्ट म्हणजे गजूच्या घरची समोरची खोली. भाव पडला म्हणून त्या सालचा सगळा कापूस तिथंच छतापर्यंत रचलेला. नितीन तर खूशच. "अरे, अशी गादी पुण्यातल्या हॉटेलातही नाही!" भर दुपारी आम्ही त्या ढिगावर मटण खाल्लं, नाचलो, लोळलो.

घरात पडून असलेल्या कापसानं अंगाले खाज सुटते, हे नितीनले माहीत नव्हतं. आम्हाले माहीत होतं, पण मटण होतं ना.

दुसऱ्या दिवशी मांडवात गजू बाशिंग सोडून सगळं खाजवून राह्यलता. मानेवर, हातावर लाल पुरळ. पोरीचा बाप जवळ आला, तसा गजूचा चेहराच उतरला.

"जवाईबुवा, हा कोणता रोग म्हणाचा?"

"रोग नाही, मामाजी. घरात कापूस हाय."

मामाजींनी इकडंतिकडं पाह्यलं आणि हळूच सदऱ्याची बाही वर केली. त्यायच्या हातावरही तसंच पुरळ.

"मंग आधी सांगाचं ना! तुम्ही लग्न मोडसान म्हणून मी या उन्हात सकाळपासून लांब बाह्यायचा सदरा घालून फिरून राह्यलो!"