चुलीमागचा दगड

(घणसोली गाव. चार मजली घराची गच्ची. शेडखाली नवी चूल, तिच्यामागच्या भिंतीला फिक्या दगडाच्या टाइल्स, त्यांवर हळदीच्या हाताचा पिवळा ठसा.)

सखू : म्हनून बोलते सुलेमान, पान्यात भिजवून फडका मार. निंगल.

सुलेमान : मारून बघितला मावशी. हा दगड आहे, स्टीलचा टोप नाय. पंजा पुरा आत उतरलाय. हलद तेलात कालवलीत ना?

सखू : मंग? चुलीला कोरडी हलद कोन लावतं?

सुलेमान : काल टाइलींचे सांधे भरून निघालो तेव्हा बोललो होतो, वरून सीलरचा थर लागेपर्यंत कोनी हात लावू नका. कच्चा दगड तेल पितो.

सखू : हात लावू नको बोललास. पूजा करू नको कवा बोललास?

सुलेमान : पूजेचं पन तेलच ना मावशी!

सखू : सूनबाई येल आता बँकेतशी. तिनं निवडलाय दगड. एकेक लादी उन्हात धरून बघितली पोरीनं. मना मेलीला काय सुचलं!

सुलेमान : पावडरचा लेप लावला तर तेल ओढून घेईल. पन त्याला दोन दिवस जातील. उद्या चूल पेटनार नाय.

सखू : उद्या माझ्या भैनी येतान भाकऱ्या खायाला!

सुलेमान : नायतर असंच सीलर मारतो. मग हा डाग बसला तो कायमचा. मॅडमना विचारा, आल्या बघा.

रंजिता : काय विचारायचंय? अगं बाई! हे काय झालं?

सखू : मी केलं. त्याला बोलू नको.

रंजिता : आई, एकदा मला विचारायचं तरी!

सखू : तुना कसं विचारू? तुझंच करत होते.

रंजिता : माझं?

सखू : जुनं घर पाडलं, तवा चूल गेली. बिल्डिंग झाली, गॅस आला. मी कोनाला काय बोलले नाय. प्रीतम पोटचा, त्याला नाय समजलं. तुना समजलं, तू चूल मांडून दिलीस. आता तुझ्या तोंडावर थँक्यू बोलू? माझ्याच्यानं नाय होत. म्हनून चुलीला बोलले, माझ्या सुनंला सुखी ठेव. आन हलदीचा हात उठवला.

रंजिता : आणि मला वाटत होतं, तुम्हाला चूल आवडलीच नाही. एका शब्दानं बोलला नाहीत.

सखू : बोलाया गेले का रडू येतं गो.

रंजिता : सुलेमानभाई, लेप नको.

सुलेमान : विचार करा मॅडम. पिवळा रंग उडेल हळूहळू. तेलाचा हात मात्र जानार नाय.

रंजिता : मला तोच हवाय.

सुलेमान : मग सरका जरा, ब्रश घेतो.

सखू : थांब रं. रंजिता, पर्स ठेव खाली. वाटीत हलद हाय अजून.