नववीच्या धड्याची खळ

...आणि वरून हेडसर मलाच विचारतात, "लताबाई, नववीतली पोर, तिला एवढंही कळू नये?" तुम्हीच सांगा, कळणार कुठून? विज्ञानाच्या पुस्तकातला तो धडा, मूल कसं होतं तो, त्याची पानं एकमेकांना डकवायला कोणी सांगितलं होतं? यांनीच. दर जूनमध्ये नववीची बठ्ठी, सगळीच्या सगळी पुस्तकं ऑफिसात गोळा करायची, मैद्याची खळ शिजवायची, झुरळं लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद टाकायचा, आणि पानं अशी डकवायची की ब्रह्मदेवाला उकलू नयेत. मी शाळेची शिपाईण, चौथी पास... खळ मीच शिजवली ना.

आणि बाहेर बघा, त्याच शाळेच्या भिंतीवर सरकारनं कुटुंब नियोजनाचा हा एवढा लाल त्रिकोण रंगवलाय, येणाऱ्याजाणाऱ्या बैलांनीसुद्धा वाचावा म्हणून! दवाखान्यातल्या सिस्टर, पुष्पाबाई, पोरींना चार गोष्टी सांगायला एरंडोलहून एस्टीनं आल्या, तक्ते काखेत धरून, तर हेडसर खिडकीबाहेर बघत म्हणतात, "मॅडम, आमच्याकडे संस्कार आहेत." चहा पाजला, परत पाठवलं. तक्ते अजून कपाटात पडलेत, लेझमांच्या खाली.

पोरं कसली ऐकतात? त्यांनी चहाच्या किटलीच्या वाफेवर पानं उकलली, वाचली, गावभर खिदळली. पोरी गुणाच्या. सरांनी डकवलं म्हणजे डकवलं. आणि सगळ्यांत गुणाची आमची कुंदा, माझ्या भावाची, झुलालची पोर, नर्स व्हायचं होतं तिला. एक दिवस मला म्हणते, "फुई, पोट फुगी ऱ्हायनं वं." मी आत्या शहाणी, काय केलं? ओवा दिला. महिनाभर ओवा! शेवटी पुष्पाबाईंकडे नेलं, त्यांनी पोटाला हात लावला आणि माझ्याकडे बघितलं. पोर रडली पण नाही. एवढंच म्हणाली, "माले कोनी काही सांगंच नही." खळ मीच शिजवली ना.

झुलालनं पंधरा दिवसांत चोपड्याकडे देऊन टाकली, पस्तिशीच्या बिजवराला. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कारण काय, तर 'पालकांच्या विनंतीवरून'. शिक्का मारायला कोण? मीच. आणि तो पोरगा? तो दहावीत पहिल्या बाकावर बसतो, त्याचा दाखला कोणी मागितला नाही.

आता पुन्हा जून आला. काल हेडसर म्हणाले, "लताबाई, औंदा खळ जरा घट्ट करा, पोरं उकलतात." करते बापा, नोकरी आहे.

फक्त मोरचूद टाकत नाही. झुरळांना तरी कळू दे.