केळीखालचं लेकरू

तुकईथडच्या बसमध्ये पुढच्या बाकावर मालूबाई भावजयीला सांगत होत्या. मागे बसलेल्या चारुलतानं कानातले इअरफोन काढले.

“पाइपलाइनच्या चरात हाडं निघाली. कंपनीनं काम थांबवून पुरातत्त्ववाल्या मॅडम बोलावल्या.”

“आपल्या केळीत, वन्स?”

“हो ना! ब्रशनं माती झाडली, तर दोन मडकी तोंडाला तोंड लावलेली. आत एवढंसं लेकरू. तीन हजार वर्षांचं, म्हणे.”

“अगं बाई!”

“गळ्यातले मणी तसेच. मायनंच घातले असतील.”

“मग आता उचलून नेणार?”

“नाही. मॅडमनं साहेबांना सांगून लाइनच दुसरीकडून वळवली. लेकरू जागेवरच झाकलं.”

“तुम्ही होत्या तिथं?”

“सगळेच होतो, अनवाणी. जेसीबीवालाही उतरला. पहिली मूठ माती त्यानंच टाकली, हळूच.”

चारुलताला पुढचं काही विचारायचं होतं. ती पुढच्या बाकाकडे वाकली.