आडावरचं बोलणं

…अन् आता पाणी प्यायला बी शिकवून राहिले मला! सत्तरी आली, हयातभर पाणीच पीत आलो न्हवं? पण न्हाई! सून म्हणती, 'मामा, बसून प्या, दमानं प्या, आता जपायचं वय हाय!' तुम्हाला सांगतो, जो उठतो तो मलाच जपायला निघालाय. परवा न्हावी वस्तरा हातात धरून म्हणला, 'अप्पा, हलू नका, जपायचं वय हाय!' आरं, तू वस्तरा जप, वय मी जपतो!

मी शिवप्पा, मुरुडचा, चाळीस वर्षं किराणा दुकान चालवलं. लातूर जिल्हा झाला, आमच्या वीरभद्राला नव्या कचेरीत कारकुनी लागली. इकडं दुष्काळात घरामागचा आड खडखडीत आटला. वीरभद्र म्हणला, 'दोघं बी चला लातूरला.' आलो. मी अन् वीरभद्राची माय. भाड्याच्या दोन खोल्या. बाहेर मी, आत ती, मधी एक भिंत. मुरुड ते लातूर येष्टीनं तासाभराचं काम… पण ती भिंत वलांडायला मला चार महिने लागले! हसू नका, सांगतो.

झालं असं, रिटायर झालेले माधवराव मास्तर, त्यांनी देवळात म्हाताऱ्यांसाठी व्याख्यान ठेवलं. मी काय ज्ञानासाठी गेलो न्हाई. तिथं रांजणातलं गार पाणी मिळतं म्हणून गेलो. समदेच त्यासाठी आलेले, मंडप गच्च! मास्तर सुरू झाले, 'मंडळी, उतारवयात जपावे! रोज आठ तांबे पाणी प्यावे!' मागनं एक म्हातारा वरडला, 'मास्तर, नळ चौथ्या दिवशी येतोय, आठ तांबे आणू कुठून?' मास्तरांनी ऐकलंच न्हाई. 'सकाळी दोन मैल चालावे!' मी एक दिवस चाललो की! समोरून येणारा प्रत्येक जण थांबून विचारतोय, 'अप्पा, एवढ्या सकाळी? कोण वारलं?' अन् मग मास्तर म्हणले, 'मनातले कुणाशी तरी बोलत जावे. मन तुंबू देऊ नये.'

बस्स. तिथं माझं गाडं अडलं. कारण माझं 'कुणाशी तरी' म्हणजे एकच माणूस, अन् ते भिंतीपल्याड!

आता तुम्ही म्हणाल, आत जाऊन बोलायचं, त्यात काय? अहो, आमच्या काळी नवरा-बायको घरात समोरासमोर बसून बोलतेत का? आई-बाप, भाऊ-भावजया, भरलेलं घर… लोक हसतील! आम्ही बोलायचो आडावर. लिंगपूजेचं पाणी मी स्वतः शेंदायचो, आमच्या घरची रीतच हाय ती, अन् घागरी भरायला ती यायची. मी पोहरा वढायचा, तिच्या घागरीत वतायचा. रहाट असा कुईकुई करायचा की आमचं बोलणं वसरीपर्यंत जायचं न्हाई. वीरभद्राचं नाव तिथं ठरलं, त्याचं लगीन तिथं ठरलं, भांडणं बी तिथंच! बोलणं रंगलं की मी चार पोहरे जास्तीचे वढायचो. आड आटला तेव्हा सगळी आळी रडली. मी बी रडलो. पण पाण्यासाठी न्हाई हो!

तर मास्तरांचं ऐकून मी हिय्या केला अन् आतल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. सून लगेच पदर सावरून पुढं, 'काय पायजे मामा? पाणी?' आता तिला काय सांगू, तुझ्या सासूशी बोलायचंय? म्हणलं, 'हाव, पाणी.' तांब्या आला. तासाभरानं पुन्हा गेलो. 'पाणी का मामा?' 'हाव!' असे दिवसाला पाच तांबे… लाजेपायी! संध्याकाळी सून वीरभद्राला हळूच म्हणती, 'मामांना साखर झाली वाटतं, सारखं पाणी मागून राहिलेत.' नेलं की मला दवाखान्यात! सुई टोचली, रगत काढलं, अन् डागदर काय म्हणला? 'काही झालं न्हाई, पण जपा!'

मग परवा सून माहेरी गेली, वीरभद्र कचेरीत. गल्लीत हाळी आली, टँकर येणार! वीरभद्राची माय घागर घेऊन निघाली. मी दुसरी घागर अन् बादली उचलली. ओझं उचलू नका, उन्हात जाऊ नका… समदं बाजूला! जाऊन बघतो तर ही लांब रांग, अन् टँकरचा पत्ता न्हाई. उभे राहिलो. ती माझ्याकडं न बघताच म्हणली, 'बोला की आता.'

चार महिन्यांचं साठलेलं… अन् बोललो काय? म्हणलं, 'ऊन लई हाय.' ती म्हणली, 'हाव. गुडघा बी लई दुखून राहिलाय.'

'कधीपासून?'

'संक्रांतीपासून.'

संक्रांतीपासून! एका घरात राहतो, अन् पाडवा आला तरी मला पत्ता न्हाई! माझे डोळे भरून आले, तर म्हणती, 'पुसा ते. लोक बघून राहिलेत.' बादली पालथी घालून तिला बसवलं, अन् मग आम्ही जे सुरू झालो… दोन तास! तिचा गुडघा, मुरुडचं घर, सुनेच्या हातचं तिखट, वीरभद्राचं टक्कल. टँकर आला, नंबर लागला, मी मागच्याला म्हणलं, 'घ्या तुम्ही आधी.' मग त्याच्या मागच्याला. लोक म्हणतेत, 'अप्पा लई मोठ्या मनाचे!' कशाचं मोठं मन? बोलणं अर्धवट होतं! आमच्या वाट्याला आली तळाची अर्धी घागर.

वीरभद्र घरी आला, 'अप्पा, अर्ध्या घागरीसाठी दोन तास उन्हात? जपायचं वय हाय! उद्यापासून पाण्याला माणूस लावतो.' त्याच्या जन्मात मी पहिल्यांदा त्याच्यावर वरडलो, 'खबरदार माणूस लावशील तर! रांगेत मी जाणार, माय बी येणार!' पोरगं माझ्या कपाळाला हात लावून बघतंय, ताप हाय का…

काल देवळात पावसासाठी अभिषेक झाला. अख्खी गल्ली हात जोडून. मी बी जोडले, डोळे मिटले अन् म्हणलं, देवा, पाऊस पाड. लई पाड, रानात पाड, नदीला पाड, मुरुडच्या आडात तर पाडच पाड… पण तवर, लाज वाटती मागायला, पण तवर आमच्या गल्लीचा टँकर तेवढा दोन तास उशिरा येऊ दे.