हाताला लागतील अशी झाडं

माझं म्हायार आजऱ्याकडचं. काजूच्या बिया फोडत वाढलेली मी, हात काळे पडायचे, पण रिकामी कधी बसले न्हाय. लगीन होऊन गडमुडशिंगीला आले. मालक कोल्हापुरात रिक्षा चालवायचे, डोळं झाकून कुठल्याबी गल्लीत सोडीन म्हणायचे. पुढं साखरंनं डोळंच नेलं.

काय सांगू ताई, त्यांच्या हातात एकच ऱ्हायलेलं, संडासला आपलं आपण जायचं. आमचं संडास मागं परड्यात, बोळातनं जावं लागतं, एका अंगाला आमचं घर, दुसऱ्या अंगाला शेजाऱ्यांची उंच भिंत. मी हात धरला की झिडकारायचे, बायका बघत्यात म्हणायचे. धरून जायला दोरी बांधली तर म्हणाले, मी काय म्हस हाय व्हय दावणीची?

भिंतीच्या कडंनं दीड फूट माती मोकळी होती. म्हणलं, हितं झाडं लावायची, कमरंएवढी, म्हंजे हात फिरवत जातील, वासावरनं कळंल कुठवर आलो. रोपवाटिकेतला माणूस म्हणतोय, मावशी, भिंतीवर वेल सोडा, काय शोभंल! म्हणलं, शोभा कुणाला दावू? काटा नको, गवती चहा नको, त्याचं पान कापतंय, आणि ऊन दुपारचं तासभर, म्हणून मोगराबी नको, त्यो नुसता पाला धरंल. शेवटी दाराशी कढीपत्ता, मधी अडुळसा आणि संडासच्या तोंडाला उंचावर डब्यात पानओवा, जाड लवदार पान, हाताला लगेच कळतंय.

मालकांनी त्यास्नी कोल्हापुरातली नावं दिली. कढीपत्ता म्हंजे स्टँड, अडुळसा बिंदू चौक, पानओवा रंकाळा. पोचले की आतनं वरडायचे, सवारी उतरली गं! सहा महिनं, ताई, त्या माणसानं मला मदतीला हाक मारली न्हाय.

मग मीच घात केला. पावसानं माती वाटंवर यायला लागली, पाय घसरंल म्हणून कडंनं विटा लावल्या, तिरक्या, टोकं वर, शाळंच्या बागेत लावत्यात तशा. वर गेरू फासला. शेजारीण म्हणाली, काय झ्याक दिसतंय की. साखरंनं त्यांची पावलं बधिर झालेली हे मला ठाऊक न्हवतं, त्यांनाबी न्हाय. अंगठा कधी विटंवर आपटला, कोण सांगणार? फरशी पुसताना डाग दिसलं, दारापासनं खाटंपर्यंत, म्हणून पाय उचलून बघितला तर नख न्हाय, आत काळं पडलेलं, आणि हे विचारत्यात, काय गं, काय बघतीस?

अंगठा काढला. मग अर्धं पाऊल काढलं.

बायका येत्यात, नशिबाचे भोग म्हणत्यात. नशिबानं न्हाय बाई विटा लावल्या, मी लावल्या. आता मालकांना खाटंवर भांडं दिते, तवा तोंड फिरवून घेत्यात. विटा उपसून टाकल्या. झाडं मातूर जोरात हाईत, अडुळसा भिंतीच्या वर गेलाय, खोकला झाला की गल्ली पाला न्यायला येती, मी न्हाय म्हणत न्हाय.

जखम भरंना. डॉक्टर आता घोट्यापासनं पाय काढायचं बोलाय लागलेत, ते मी मालकांना अजून सांगितलं न्हाय.

बरं, तुमी एवढ्या लांबनं मालकांना बघाय आलाय, देव तुमच्या घरचं बरं करो. पण कुणाला साखर असंल तर रोज पाय बघा, तळवा, बोटांच्या बेचक्या, समदं. त्या माणसाला इचारू नका, त्याला कळत न्हाय. तुमीच हातात घिऊन बघा.